वहाणा

राचोलच्या कोटात, खंदकाच्या अंगाला तिसरी खोली.
शनिवारी धोपटी घेऊन जातो मी.
दुआर्त फाल्कांव दाराकडे तोंड करून बसतो,
पाठ करून कधीच नाही.
एकदा उजेडासाठी मी नुसती खुर्ची फिरवली,
तर त्यानं माझं मनगट धरलं
आणि सोडायचं विसरून गेला.

त्याच्या अंगरख्यावर लाल क्रूस, एका बाजूनं उसवलेला.
बारा वर्षं कुठल्याशा वाळूच्या किनाऱ्यावर
देवासाठी मोर मारले म्हणतो.
मला आधी वाटलं, पक्षीच.
एवढे मोर कशाला मारायचे, मी मनात म्हटलं.
मग कळलं, त्यांच्यात माणसांना म्हणतात तसं.

आमच्या बोलीतले चाळीस शब्द त्याला येतात,
त्याच्यातले साठ मला.
शंभर शब्दांत माणूस किती लपवणार?

तो पाव खात नाही.
कोटातला पोदेर पहाटे भट्टी पेटवतो
तेव्हा हा तटावर जाऊन उभा, वारा जिथून येतो तिकडे.
पेज पितो आमच्यासारखी, मिठाचा खडा टाकून.
एकदा गालाला पाणी लावताना बोलला:
त्या गावात शिरलो तेव्हा भट्टीत पाव होते.
फुगत होते.
भाजणारे बाहेर पडलेले, दोघं, आणि एक लहान.
आम्हाला भूक होती.

एवढंच. मग म्हणाला, मिशी राहू दे.

आमचा वेताळ यानंच फोडला.
म्हणजे हुकूम याचा, घण दुसऱ्याचा.
हा फरक त्यानं मला तीनदा सांगितला,
तिन्ही वेळा मी वस्तरा थांबवून मान हलवली.
गावात विचारतात, म्हाल्या,
त्याचा गळा तर दर आठवड्याला तुझ्या हातात असतो.
मी म्हणतो, धार गेलीय.

वेताळाचं शिर आणि धड आम्ही रात्री
गवताखाली झाकून होडीनं अंत्रुजला नेलं.
चौथ्या वल्ह्यावर मी होतो.
पाय तेवढे राहिले,
चौथऱ्यात रुतलेले, घोट्यापर्यंत.

पूर्वी तुळशो चांभार वर्षाला एक जोड करायचा,
हातभर लांब, दुहेरी तळाचा.
देव रात्रभर शिवेवरून फिरतो, वहाणा झिजतात,
हे आमच्याकडे पोरालाही ठाऊक.
तुळशो आता इनास झाला. रविवारी गुडघे टेकतो.
जोड मात्र यंदाही केला,
माझ्या हातात दिला आणि म्हणाला, मला काही विचारू नकोस.

मी तो चौथऱ्यावर ठेवला, त्या पायांपाशी.
सकाळी नव्हता.

रात्री फाल्कांव चालतो.
खंदक, तळी, खाजणाचा बांध, पुन्हा खंदक.
कुत्र्यांनी भुंकणं सोडलं.
बाया म्हणतात, शिवेवर पुन्हा पावलं वाजतात,
आणि हात जोडतात अंधारात, खिडकी न उघडता.
मी कुणाला काही सांगितलं नाही.

शनिवारी त्याच्या पायाची नखं काढायला वाकलो
तर खाटेखाली त्या वहाणा.
खाजणाचा काळा चिखल, डावी टाच झिजलेली.
त्याच्या पायाला केवढ्या तरी मोठ्या,
आत काथ्या कोंबलेला.
त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी नखाकडे.
करंगळीचं नख मुळातच नव्हतं.

आता शिगमा जवळ आला.
इनास काल कातडं भिजत घालून आला,
दारात उभा राहिला, आत आला नाही.
यंदा माप कुठलं धरू, म्हणाला.

मी चामड्यावर वस्तरा ओढत राहिलो,
एकदा इकडून,
एकदा तिकडून.